बीच बॉईज: शब्दांत ऊन, सुरांत हुरहूर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीच बॉईज या साठच्या दशकात गाजलेल्या अमेरिकी गटाच्या पाच पोरांपैकी सर्फिंग येत होतं ते एकालाच. तरी ‘कॅलिफोर्निया’ म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे जे निळं पाणी, सर्फबोर्ड लादलेल्या गाड्या आणि न संपणारा उन्हाळा येतो, तो त्यांच्याच गाण्यांनी आणला. मग हे रेकॉर्ड कंपनीनं रचलेलं खोटं म्हणायचं का? आणि खोटं असेल तर साठ वर्षं टिकलं कसं?

मी कोरस बसवणारा माणूस आहे. जिंगल्ससाठी, चित्रपटगीतांसाठी अनेक वर्षं हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणाऱ्या आवाजांची जुळणी, लिहीत आलोय, नव्या पोरांना शिकवतही आलोय. त्यामुळे माझं उत्तर सुरांच्या बाजूनं येईल. या गाण्यांच्या शब्दांत ऊन आहे, पण सुरांत हुरहूर आहे, आणि ती हुरहूर खरी होती. मिथक टिकलं ते तिच्या जोरावर.

आधी ही पोरं कुठली ते बघू. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तिघे सख्खे विल्सन भाऊ, माइक लव्ह त्यांचा आतेभाऊ आणि अल जार्डीन ब्रायनच्या शाळेतला. विल्सनांचं घर हॉथॉर्नमध्ये, लॉस एंजेलिसच्या नैर्ऋत्येला. गावात नॉर्थ्रॉप कंपनीचा विमानांचा कारखाना, आसपास विमान आणि क्षेपणास्त्र उद्योगात राबणाऱ्या कुटुंबांची एकसारखी छोटी घरं. वडील मरी विल्सन यंत्रसामग्रीचा धंदा करायचे, फावल्या वेळात गाणी लिहायचे. माणूस कडक आणि मारकुटा, मुलांनी पुढे हे उघडपणे सांगितलं आहे. त्यांचं घराणं मुळात कॅन्ससमधून, म्हणजे समुद्राचं नावही नसलेल्या मुलखातून, पश्चिमेला आलेलं. हॉथॉर्नपासून समुद्र साधारण आठ किलोमीटर. हे अंतर महत्त्वाचं आहे. रोज दारात समुद्र असता तर त्याचं गाणं झालं असतं की नाही कोण जाणे, आणि शंभर किलोमीटर लांब असता तर त्याची आस लागली नसती. आठ किलोमीटर म्हणजे मोठ्या भावाकडे गाडी असेल तर जाता येतं, नसेल तर घरी बसावं लागतं.

जायचा तो डेनिस. १९६१ मध्ये त्यानंच ब्रायनला सांगितलं की किनाऱ्यावर सगळे सर्फिंगच्या नादी लागलेत, त्यावर गाणं कर. आईवडील मेक्सिकोला गेलेले असताना पोरांनी भाड्यानं वाद्यं आणली, अलच्या आईनं त्यासाठी पैसे दिले. त्यातून ‘सर्फिन’ उभं राहिलं. वर्षअखेरीस कँडिक्स या छोट्या कंपनीनं ती रेकॉर्ड काढली, आणि गटाला आपलं नवं नाव कळलं ते छापील लेबल बघून. त्यांनी स्वतःला ‘पेंडलटोन्स’ म्हणवलं होतं. ‘बीच बॉईज’ हे नाव परस्पर दिलं गेलं. गाणं लोकप्रिय गाण्यांच्या राष्ट्रीय यादीत पंचाहत्तराव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि १९६२ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्सनं त्यांना करारबद्ध केलं. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी त्यांना मालिबूजवळ पॅराडाइज कोव्हला नेऊन पिवळ्या ट्रकवर, सर्फबोर्डसकट बसवलं.

इथवर वाचून ‘कंपनीचा बनाव’ हा निष्कर्ष मोह पाडणारा आहे. पण कंपनीनं नाव आणि फोटो दिला. मिथकाचा सांगाडा त्याआधी पन्नासएक वर्षं तयार होत होता, आणि त्यात पुरता व्यापार होता. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संत्रा बागायतदारांच्या सहकारी संस्थेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य-पश्चिमेतल्या गोठलेल्या आयोवात जाहिरात सुरू केली, सनकिस्ट हे नाव त्याच सुमाराचं. पेट्यांवरच्या रंगीत चिठ्ठ्यांत डोंगर, बाग आणि लख्ख आकाश असायचं. फळाबरोबर हवामान विकलं जात होतं, आणि हवामानाबरोबर जमीन. सर्फिंगचंही तसंच. हा मूळचा हवाईचा खेळ. १९०७ मध्ये हवाईचा जॉर्ज फ्रीथ कॅलिफोर्नियात आला आणि रेल्वे व जमिनींचे मालक हेन्री हंटिंग्टन यांनी त्याला रेडोंडो बीचला लाटांवर उभं राहून दाखवायला नेमलं. लोकांनी त्यांच्या ट्रामनं यावं, तिथले प्लॉट घ्यावेत हा हेतू. १९५७ साली ‘गिजेट’ ही मालिबूच्या सर्फर मुलीची कादंबरी आली, १९५९ मध्ये तिचा चित्रपट. तिचा लेखक फ्रेडरिक कोनर युरोपातून आलेला निर्वासित, इंग्रजी त्याची मायबोली नव्हे. मुलीच्या तोंडून ऐकलेल्या किनाऱ्यावरच्या गप्पांतून त्यानं ती लिहिली. आणि याच सुमारास जड लाकडाच्या जागी फोमचे हलके बोर्ड आले, म्हणून साध्या घरातली शाळकरी पोरंही लाटांवर जाऊ लागली.

गाण्याच्या बाजूनंही रान तयार होतं. न्यूपोर्ट बीचजवळ बाल्बोआच्या रांदेव्हू बॉलरूममध्ये डिक डेल हा गिटारिस्ट तुफान गर्दी खेचत होता. तो स्वतः सर्फर, आणि शेजारच्या फुलरटनमधले लिओ फेंडर त्याच्यासाठी जास्त ताकदीचे अँप्लिफायर बनवत होते. स्प्रिंग रिव्हर्ब नावाच्या डब्यातून सूर काढला की तो ओला, थबथबलेला वाटतो, तोच पुढे सर्फ संगीताचा ठसा झाला. त्याची गाजलेली ‘मिसिरलू’ ही मुळात पूर्व भूमध्य समुद्राकडची चाल, आणि त्याचे वडील लेबनीज वंशाचे. ‘वाइप आउट’ वाजवणारे सर्फारिस हे ग्लेंडोराचे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या गावचे, आणि ते रेकॉर्ड झालं द्राक्षमळ्यांच्या कुकामोंगात. समुद्राचं गाणं समुद्रापासून लांबचीच पोरं करत होती, हे त्या काळात वारंवार दिसतं.

मग बीच बॉईजनी नवीन काय केलं? वाद्यांच्या या संगीताला त्यांनी माणसाचा आवाज दिला, तोही एकाचा नव्हे, पाच जणांचा.

आपण एका सुराच्या परंपरेतले लोक, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. पेटी समोर घ्या. सा-ग-प एकदम दाबा, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, मग प-नी-रे. पन्नासच्या दशकातली अमेरिकेतली असंख्य प्रेमगीतं या चार स्वरपुंजांवर उभी आहेत. ‘सर्फर गर्ल’चा पायाही तोच. दुसरा पुंज, ध-सा-ग, हा उदास आहे, आणि तो पहिल्याच्या पाठोपाठ येतो. म्हणजे ऊन पडलं रे पडलं की लगेच ढगाची सावली. शिवाय ब्रायननं हायस्कूलच्या वयात फोर फ्रेशमेन या इंडियानामधल्या जॅझ चौकडीच्या रेकॉर्डी ओळीओळीनं उलगडून त्यातला प्रत्येक आवाज कानानं वेगळा काढला होता. हे काम त्यानं एका कानानं केलं, उजव्या कानानं त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. फोर फ्रेशमेनच्या धाटणीत सा-ग-प वर शुद्ध नी ठेवतात, कधी त्यावर रे. नीला सा कडे जायची ओढ असते आणि इथे तिला जाऊ देत नाहीत, लटकत ठेवतात. असे पुंज ब्रायन पियानोवर बसून भावांना, आतेभावाला, मित्राला एकेका ओळीनं शिकवायचा. माइक सर्वांत खाली, मधे कार्ल, अल आणि डेनिस, आणि सगळ्यांच्या वर ब्रायनचा स्वतःचा खोटा आवाज, फॉल्सेटो. स्टुडिओत ते तेच गाणं पुन्हा एकदा स्वतःच्या आवाजावर गायचे, त्यामुळे पाचाचे दहा वाटत. सख्ख्या भावांचे आवाज घडणीनंच एकमेकांत मिसळतात, ते विकत आणता येत नाही. जिंगलसाठी मला अनेकदा ‘तसं बीच बॉईजसारखं’ मागितलं जातं. वरचा फॉल्सेटो आणि ‘ऊ-ऊ’ सहज जमतं, पण मधले दोन आवाज कुणी नीट गाऊ देत नाही, आणि मग ते गोड तेवढं होतं, खोल होत नाही.

आता शब्द बघा. ‘सर्फर गर्ल’मध्ये मुलगा लाटेवर नाही, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या सर्फर मुलीकडे नुसता बघतोय. १९६३ मध्ये आलेलं ‘इन माय रूम’ तर खोलीत दार लावून बसलेल्या पोराचं गाणं आहे, आणि त्याची सुरुवात तिघे भाऊ करतात, जे लहानपणी एकाच खोलीत झोपायचे, रात्री हार्मनीत गायचे. गाड्यांच्या शर्यतीचं म्हणून ओळखलं जाणारं ‘डोन्ट वरी बेबी’ प्रत्यक्षात भीतीचं गाणं आहे. पोरानं गाडीबद्दल फुशारकी मारली आणि आता शर्यत त्याच्या अंगावर आलीय, त्याची मैत्रीण त्याला धीर देतेय. तिचा धीर जिथे येतो तिथे, ध्रुवपदाला, सा बदलतो: कडव्यातला रे हाच नवा सा होतो. पूर्ण एका सुरानं जमीन वर उचलली जाते आणि कडवं आलं की पुन्हा खाली. इतकी साधी, इतकी नेमकी युक्ती मी फार कमी गाण्यांत ऐकली आहे. ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ केनेडींच्या हत्येच्या आसपास, १९६३ च्या नोव्हेंबरात झालं. नाव उन्हाच्या उबेचं, पण ते गमावलेल्या प्रेमाचं गाणं आहे.

आणि ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’, मिथकाचं सर्वांत झगझगीत गाणं. सुरुवातीला वाद्यांचा संथ, भारदस्त तुकडा आहे, जो पुढच्या उडत्या लयीचा पत्ताच लागू देत नाही. ब्रायनला स्वतःला तो फार प्रिय होता. मग ध्रुवपदात एकच ओळ तीनदा येते आणि दर वेळी सा एका सुरानं खाली सरकतो: सा, मग कोमल नी, मग कोमल ध. शब्द अभिमानाचे आणि पायाखालची जमीन खाली जातेय. शेवटी ते एका झटक्यात मूळ सा वर परत येतं. ही गंमत कानाला कळते, मनाला नाव सापडत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती लपवून ठेवावीशी वाटत नाही. १९६३ चं ‘सर्फिन यूएसए’ ज्यानं त्यांना देशभर पोचवलं, त्याची चाल चक बेरीची आहे, ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ची. बेरीनं त्यात अमेरिकेतली शहरं ओवली होती, ब्रायननं सर्फिंगचे किनारे ओवले: डेल मार, सांता क्रूझ, डोहेनी, थेट ऑस्ट्रेलियातलं नॅराबीनसुद्धा. ती नावं त्यानं आपल्या मैत्रिणीच्या सर्फर भावाकडून जमवली. ऐकणाऱ्याला ती ठिकाणं कुठे आहेत हे ठाऊक असायची गरज नव्हती, ठेक्यावर बसणारी अनोळखी नावंच मोहात पाडत होती. लेखक म्हणून कारागिरी उत्तम. पण सेंट लुईसचा तो काळा संगीतकार गाणं गाजत होतं तेव्हा तुरुंगात होता. गाण्याचे प्रकाशनहक्क पुढे बेरीच्या प्रकाशकाकडे गेले, आणि लेखक म्हणून त्याचं नाव छापलं जायला आणखी काही वर्षं लागली.

याच धाग्यानं पुढे जाऊ, कारण मिथकाला किंमत असते आणि ती कुणीतरी दिलेली असते. हॉथॉर्नच्या त्या छोट्या घरांत काळ्या कुटुंबांना जागा मिळत नव्हती. हॉथॉर्नच्या पोरांचा जवळचा किनारा म्हणजे मॅनहॅटन बीच. तिथे १९१२ मध्ये विला ब्रूस या काळ्या बाईनं जमीन घेऊन नवऱ्यासोबत काळ्या लोकांसाठी विश्रामस्थान चालवलं. १९२४ मध्ये नगरपालिकेनं बाग करायच्या नावाखाली ती जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि ब्रूस कुटुंबाला तिथून हुसकलं. ती जमीन वारसांना परत मिळाली २०२२ मध्ये. १९६४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे दोन-तृतीयांश बहुमतानं, घर विकताना वंश बघून नकार देण्यावर बंदी घालणारा कायदा उलथवला. पुढे न्यायालयांनी तो निर्णय रद्द ठरवला. ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ आलं १९६५ च्या जुलैत, आणि ऑगस्टमध्ये वॉट्स हा लॉस एंजेलिसमधला काळ्या लोकांचा भाग दंगलीत पेटला, त्यात ३४ माणसं मेली. विल्सनांच्या घरापासून समुद्र पश्चिमेला आठ किलोमीटर, वॉट्स पूर्वेला दहाएक किलोमीटर. त्या पोरांनी हे जाणूनबुजून झाकलं असं मी म्हणणार नाही, ती विशीतली पोरं होती आणि त्यांना जे दिसत होतं ते गात होती. पण त्यांना काय दिसत नव्हतं, हे त्यांना कुठे वाढवलं गेलं त्यावरून ठरलं होतं. हे लक्षात ठेवूनच ती गाणी ऐकावीत. लॉस एंजेलिसचंच, पकोइमाचं, मेक्सिकन वंशाचं पोर रिची व्हॅलेन्स १९५८ मध्ये ‘ला बाम्बा’ गाऊन गेलं, सतराव्या वर्षी विमान अपघातात वारलं. त्याचा कॅलिफोर्निया या उन्हाच्या चित्रात कधी मोजला गेला नाही.

मिथक घट्ट व्हायला काळही अनुकूल होता. १९६२ च्या अखेरीस लोकसंख्येत कॅलिफोर्नियानं न्यूयॉर्कला मागे टाकलं. रोज शेकडो कुटुंबं तिथे येत होती आणि आपण बरोबर ठिकाणी आलो हे कुणीतरी सांगायला हवं होतं. न येऊ शकणाऱ्यांनाही ते हवं होतं. ‘सर्फिन बर्ड’ गाणारे ट्रॅशमेन मिनेसोटाचे, जिथे समुद्रच नाही. मिथकात पुढची मोठी भर तर बाहेरच्यांनीच घातली: ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ जॉन आणि मिशेल फिलिप्स यांनी न्यूयॉर्कच्या थंडीत लिहिलं. कॅलिफोर्नियाची आस हा बाहेरून बघणाऱ्याचा सूर आहे, आणि हॉथॉर्नची पोरंही एका अर्थानं आठ किलोमीटर बाहेर होती.

ब्रायनची पुढची कथा माहीत असेलच. १९६४ च्या डिसेंबरात विमानात त्याला प्रचंड घाबरायला झालं आणि त्यानं दौरे सोडले. बाकीचे जगभर तो उन्हाळा गात फिरले, हा हॉलिवूडमधल्या वेस्टर्न रेकॉर्डर्सच्या बिनखिडकीच्या खोलीत हॅल ब्लेन, कॅरोल के यांच्यासारख्या व्यावसायिक वादकांना घेऊन बसला. १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बममध्ये समुद्र जवळजवळ नाहीच, नुसती हुरहूर उरली आहे. त्याच वर्षीचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ चार स्टुडिओंत, महिनोन्महिने, तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून टेप कापून जोडलेलं आहे. किनाऱ्यावर सहज सुचल्यासारखं वाटणारं हे गाणं त्या काळातलं सर्वांत कष्टाचं पॉप रेकॉर्डिंग म्हणता येईल. पुढे सनकिस्टच्या शीतपेयाच्या जाहिरातीनं तेच गाणं उचललं, आणि संत्र्याच्या पेटीवरचं ते जुनं ऊन पुन्हा बाजारात आलं.

मधल्या काळात हा गट जुनाट ठरला होता. १९७४ मध्ये कॅपिटलनं सुरुवातीची गाणी ‘एंडलेस समर’ नावानं एकत्र काढली आणि ती रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली. वॉटरगेट, व्हिएतनाम आणि पेट्रोलच्या रांगा यांतून आलेल्या अमेरिकेला आपलं तरुणपण ऐकायचं होतं. तिथून पुढे ती गाणी एका जागेची न राहता एका गेलेल्या काळाची झाली, आणि मुळातल्या सुरांत हुरहूर असल्यानं त्यांना ते सोपं गेलं. नुसत्या आनंदी गाण्यांचं असं पुनरुज्जीवन होताना मी पाहिलेलं नाही.

तेव्हा ‘खोटं का?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: ठिकाणाचं वर्णन म्हणून ही गाणी अपुरी आहेत, अनेकांना वगळणारी आहेत, आणि त्यांच्या मागे जमीन विकणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. पण त्या वयाच्या, त्या घरातल्या, त्या अंतरावर राहणाऱ्या पोराच्या मनाची नोंद म्हणून ती शंभर टक्के खरी आहेत. रेकॉर्ड कंपनीला सर्फबोर्ड भाड्यानं आणता येतो. ध-सा-ग नंतर काय वाटतं, ते भाड्यानं आणता येत नाही.

तुम्ही स्वतः गाणं करत असाल, गोव्याचं, कोकणाचं, आपल्या गावाचं, तर ‘पेट साउंड्स सेशन्स’ या संचातले फक्त आवाजांचे ट्रॅक मिळवा, त्यांत वाद्यं काढून टाकलेली आहेत. पहिल्यांदा वरचा आवाज ऐकू नका, तो आपोआप कानात येतो. खालून दुसरा आवाज धरा आणि त्याच्याबरोबर अख्खं गाणं गुणगुणा. मग खालून तिसरा. नंतर ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’च्या ध्रुवपदावर पेटी घेऊन बसा आणि सा कुठे कुठे जातो ते बोटांनी शोधा. सापडलं नाही तर लिहा, मी स्वरलिपी काढून देईन.